पॅड मिळालं, दुखण्याचं काय?

महालक्ष्म्या आठ दिवसांवर आल्या की आमच्या मेडिकलमध्ये एका गोळीची मागणी एकदम वाढते. पाळी पुढे ढकलायची गोळी. नॉरएथिस्टेरॉन हे तिचं औषधी नाव, पण आमच्या सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावात ते कुणी घेत नाही. "वहिनी, ती पुढं ढकलायची द्या," एवढं पुरतं. सून येते, सासू येते, कधी नवरा मोटारसायकल चालू ठेवून रस्त्यावरूनच बोटांनी 'तीन दिवस' अशी खूण करतो. गौरी बसायच्या, सोळा भाज्या करायच्या, पुरणाचा नैवेद्य, जेवायला सवाष्णी. घरात करणारी एकटी आणि तिची तारीख नेमकी त्याच दिवसांत. लग्नसराईत हेच, सत्यनारायणाला हेच, वारीला निघतानाही हेच. घाऊकवाल्याला मी श्रावणातच सांगून ठेवते, कारण ऐन वेळी हिंगोलीतसुद्धा माल मिळायची खात्री नसते.

ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घ्यायची असते. पूर्वी कधी रक्ताची गुठळी झाली असेल किंवा लिव्हरचा आजार असेल तर ती घेऊच नये. पाकिटावर तसं बारीक अक्षरांत छापलेलंही असतं; ते वाचणारी गावात बहुधा मी एकटीच. पण तो विषय आज बाजूला ठेवते. मला खटकतं ते दुसरंच. देवाला अडचण नको म्हणून पाळीवर उपाय शोधायला, त्याची तारीखवार आखणी करायला, घरातल्या पुरुषाला त्यासाठी दुकानात धाडायला आपल्याला जड जात नाही. त्याच घरातली सोळा-सतरा वर्षांची पोर दर महिन्याला पोट धरून लोळते, तिच्यासाठी मात्र पुरुष सोडा, घरातली बाईसुद्धा दुकानाची पायरी चढत नाही.

तिच्यासाठी येतो धाकटा भाऊ. हातात वहीचं पान चार घड्या घातलेलं, त्यावर 'मेफ्टाल' असं कसंबसं लिहिलेलं, मुठीत घामेजलेली नोट.

"काय झालंय रे ताईला?"

"पोट दुखायलंय."

"कवापासून?"

"काय माहीत. लवकर दे म्हणली."

चिठ्ठी आणा म्हणावं तर ही पोर डॉक्टरकडे जाणार कधी? गावातल्या दवाखान्यात बाकावर शेजारी चुलता बसलेला, समोर शाळेतले सर, आणि डॉक्टर पडद्याआडून मोठ्याने विचारणार, "पाळी नियमित आहे का?" त्यापेक्षा दुखणं परवडलं, असा हिशोब तिने आधीच केलेला असतो.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी बारावी सायन्सची एक मुलगी आमच्या पायरीवर येऊन बसली. मुलींसाठीच्या निळ्या बसची वाट बघत होती, पण उभं राहवेना. थंडी चांगली होती तरी कपाळावर घाम, ओठ कोरडे, दोन्ही हात ओटीपोटावर घट्ट दाबलेले. सकाळपासून दोनदा ओकून झालं होतं. मांड्यांपासून पोटऱ्यांपर्यंत ओढल्यासारखं होतंय म्हणाली. त्या दिवशी कॉलेजात प्रॅक्टिकल होतं आणि ते बुडवायची सोय नव्हती. गोळी घेतलीस का विचारलं, तर म्हणाली, "आता घेते. लई सहन होईना तवाच घेत असते." काही खाल्लंस का? "गुरुवार हाय." पाळी असल्यामुळे पूजेला हात लावायचा नव्हता, पण उपास मात्र मोडायचा नव्हता. मी आतून चहा आणि बिस्किटाचा पुडा आणला. बस तिच्यासमोरून गेली.

थोड्या वेळाने तिची आई आली. लेकीकडे बघून तिचाही जीव कळवळला होता, तोंडाने मात्र ती नेहमीचंच बोलली. "होतंय हो वहिनी समद्यालाच. आमाला काय होत नव्हतं? लगीन होऊन एखादं लेकरू झालं की थांबतंय आपोआप." ही माय काही दुष्ट नाही. तिच्या आईने तिला हेच सांगितलं होतं. शिवाय त्यात थोडं खरंही आहे: तरुणपणी सुरू झालेलं साधं पाळीचं दुखणं वयाप्रमाणे आणि बाळंतपणानंतर बऱ्याच जणींचं कमी होतं. पण म्हणून लग्न हे औषध ठरत नाही, आणि ज्या पोरीला पाळी बारा-तेराव्या वर्षी आली तिने लेकरू होईपर्यंतची सगळी वर्षं नुसती कळ काढावी हा काही सल्ला झाला नाही.

हे दुखतं का, हे विज्ञानाला केव्हाच कळलेलं आहे. पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या आतल्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सुटतात. ती गर्भाशयाच्या स्नायूला आकसायला लावतात, ओलं लुगडं पिळावं तसा तो स्नायू पिळला जातो, त्याला होणारा रक्तपुरवठा तेवढ्यापुरता तुटतो आणि कळ येते. हीच द्रव्यं रक्तात उतरली की मळमळ, ओकारी, जुलाब, डोकेदुखी. ज्यांच्या अंगात ही द्रव्यं जास्त, त्यांना कळा जास्त. म्हणजे पोरगी नाटकं करत नाही आणि नाजूकही नाही. १९७१ मध्ये जॉन वेन या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की अ‍ॅस्पिरिनच्या जातीची औषधं हे प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाहीत. त्याला आणि स्वीडनच्या बर्गस्ट्रॉम व सॅम्युएलसन यांना १९८२ साली या कामाबद्दल नोबेल मिळालं. मेफ्टालमधलं मेफेनॅमिक अ‍ॅसिड, आयब्युप्रोफेन ही त्याच घराण्यातली औषधं. नोबेल मिळून चाळीस वर्षं उलटली, गोळी काही रुपयांची आहे, आणि तरीही सेनगाव तालुक्यातल्या पोरींना ती कधी घ्यायची हे कुणी सांगितलेलं नाही.

कारण सगळी मेख 'कधी'मध्ये आहे. द्रव्य तयार होऊ न देणं हे त्या गोळीचं काम. मग ती कळ सुरू होताहोताच, काहीतरी खाऊन, घ्यायला पाहिजे. आमच्या पोरी ती सगळ्यात शेवटी घेतात, दोनदा ओकल्यावर, रिकाम्या पोटी. पाण्याबरोबर गिळलेली गोळी अर्ध्या तासात उलटीबरोबर बाहेर, पोटात आग वेगळीच. मग गावभर होतं की गोळीचा काही उपयोग नाही, उलट पित्त वाढतं. दुसरं टोकही बघते. एकाच वेळी दोन-तीन गोळ्या घेणाऱ्या, दम्याचा त्रास असताना घेणाऱ्या, पावसाळ्यात ताप अंगात असताना घेणाऱ्या. डेंग्यूची शंका असेल तर ही औषधं टाळायची असतात, हे मी काउंटरवरून ओरडून सांगते. तोवर पोरगा सायकलवर टांग टाकून निघालेला असतो.

नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस इंडियन फार्माकोपिया कमिशनने मेफेनॅमिक अ‍ॅसिडबद्दल एक सूचना काढली. या औषधाने क्वचित कुणाला ड्रेस सिंड्रोम नावाची गंभीर अ‍ॅलर्जी होऊ शकते: अंगावर पुरळ, ताप, गाठी सुजणं, आतल्या अवयवांवर परिणाम, तेव्हा डॉक्टरांनी आणि रुग्णांनी लक्ष ठेवावं. सूचना बरोबरच होती. पण मोबाइलवरून फिरत फिरत ती गावात पोचली तेव्हा तिचं 'पाळीच्या गोळीवर बंदी आली' असं झालेलं होतं. कित्येक आयांनी गोळ्या फेकून दिल्या. त्याऐवजी काय घ्यायचं, कितपत घ्यायचं, शेक किती वेळ घ्यायचा, हे सांगायला कुणी आलं नाही. भीती मोबाइलवरून पोचते, माहिती नाही पोचत.

आता पॅडचं बघा. पॅड पोचलं. आणि ते पोचवायला सरकारने, संस्थांनी, बचत गटांनी खरोखर कष्ट घेतले, हे मी दुकानदार म्हणून सांगते. महाराष्ट्रात ८ मार्च २०१८ ला अस्मिता योजना सुरू झाली. जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना आठ पॅडचं पाकीट ५ रुपयांत मिळायचं. २०१९ पासून जनऔषधी केंद्रांत 'सुविधा' पॅड १ रुपयाला एक. आशाताईंच्या पिशवीत पॅड आली. दरवर्षी २८ मेला मासिक पाळी स्वच्छता दिन साजरा होतो, फलक लागतात, मुलींच्या हातात पाकीट देतानाचे फोटो निघतात. मी या पॅडला नावं ठेवणार नाही. माझ्या आईने शेताच्या बांधावर कापडाची घडी बदललेली आहे आणि ते ओलसर कापड गोठ्यात, कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून अंधारात वाळत घातलेलं आहे. पॅडने फार मोठा त्रास वाचवला.

पण पॅडचं एक बरं असतं, ते मोजता येतं. किती पाकिटं वाटली, किती शाळांत मशीन बसवलं, अहवालात आकडा टाकला की झालं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या अहवालात १५ ते २४ वयाच्या किती मुली पाळीत काय वापरतात याचा सविस्तर तक्ता आहे, जिल्ह्याजिल्ह्याचा आकडा आहे. त्यातल्या किती जणी दर महिन्याला दुखण्याने आडव्या होतात, याचा तक्ता नाही. त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायांच्या अंगात रक्त कमी असल्याचं नोंदलंय. आधीच रक्त कमी, त्यात अंगावरून जास्त जाणं, त्यात दोन दिवस अन्न पोटात न ठरणं. यातून उठलेली पोरगी तिसऱ्या दिवशी वर्गात बसते तेव्हा तिच्या कानांत काय शिरत असेल? शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी कित्येकींच्या दप्तराच्या तळाशी सापडते, कारण तिनेही मळमळतं.

शाळेत आरोग्य तपासणीला पथक येतं. त्यांच्या फॉर्ममध्ये पाळीत दुखतं का, हाही एक रकाना असतो. म्हणजे कुणीतरी शहाण्याने विचार केलेला आहे. पण प्रश्न विचारला जातो तो व्हरांड्यात, टेबलाभोवती रांग असताना, पलीकडे मुलं फिदीफिदी हसत असताना. मुलगी मान हलवते. नाही. रकान्यात 'नाही' पडतं आणि वर जिल्ह्याला अहवाल जातो की आमच्याकडच्या मुलींचं काही दुखत नाही.

महिन्याचे दोनच दिवस धरले तरी जून ते फेब्रुवारी अठरा दिवस झाले. म्हणजे कामाचे तीन आठवडे. हजेरीच्या ७५ टक्क्यांत ते कसेबसे बसवता येतीलही, पण गणिताचा जो भाग त्या दिवशी फळ्यावर झाला तो परत कुणी शिकवत नाही. आमच्याकडे शिकवणी लावायला सेनगाव नाहीतर हिंगोली गाठावी लागते. वर्गातली हुशार पोरगी बारावीला अचानक मागे पडली की 'मोबाइल आला तिच्या हातात' हा निकाल गाव आधी लावून मोकळं होतं.

आणि अभ्यासाचं तरी एक वेळ सावरता येतं. आमच्या भागात पहाटे डांबरी रस्त्याने पोरी धावताना दिसतात, पोलीस भरतीची तयारी. सोयाबीनच्या भावाने आणि पावसाने बाप हैराण, भाऊ पुण्याला कंपनीत कंत्राटावर. घरात सरकारी पगार यायचा तर तो या पोरीच्या पायांतून येणार. मुलींना मैदानी चाचणीत ८०० मीटर धावायचं, १०० मीटर धावायचं, गोळा फेकायचा. तारीख ठरते ती वरून, पाळीच्या कॅलेंडरशी तिचा काही संबंध नाही. अर्ध्या सेकंदाने गुण जातात. त्या दिवशी जिला कळा येतात ती दोन वर्षांच्या मेहनतीवर पाणी सोडून घरी येते आणि घरी कारण सांगते 'पाय मुरगळला'. आता काही जणी भरतीच्या तारखेआधीही ती महालक्ष्म्यांची पुढे ढकलायची गोळी मागायला येतात. मी चिठ्ठी मागते, तेव्हा 'मैत्रीण घेते तिला काही होत नाही' हे उत्तर तयार असतं.

दिल्लीत आणि मुंबईत चर्चा चालते ती सुट्टीची. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाच्या महिला व बालविकास मंत्री स्मृती इराणी राज्यसभेत म्हणाल्या की पाळी हे काही अपंगत्व नाही, त्यासाठी वेगळी पगारी रजा नको. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी रजा सक्तीची केली तर मालक बायांना कामावरच घेणार नाहीत अशी काळजी बोलून दाखवली आणि केंद्राला धोरण बघायला सांगितलं. बिहारमध्ये सरकारी नोकरीतल्या बायकांना १९९२ पासून महिन्याला दोन दिवस मिळतात आणि तिथलं सरकार काही बुडालं नाही. केरळने जानेवारी २०२३ मध्ये विद्यापीठांतल्या मुलींना हजेरीत सवलत देऊन ७५ ची अट ७३ टक्क्यांवर आणली. याच केरळात त्रिपुनिथुरामधल्या मुलींच्या एका शाळेने १९१२ मध्ये परीक्षेच्या काळात अशी सुट्टी दिली होती, शंभर वर्षांपूर्वी! कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारी आणि खासगी दोन्हीकडे वर्षाला १२ दिवस मंजूर केले. माझं मत विचाराल तर रजा द्यावी, आणि अपंगत्वाची भाषा करू नये. ताप आलेल्याला आपण अपंग म्हणत नाही, सुट्टी देतो.

फक्त पुसेगावात बसून हा वाद ऐकताना हसू येतं. सोयाबीन खुरपायला जाणारीला रजा कोण देणार? गेली तर रोज, नाही गेली तर रोज बुडाला. हळद काढणीच्या दिवसांत टोळीत एक बाई कमी झाली तर बाकीच्यांवर काम पडतं, मग ती दुखणं गिळून ओळीने बसते, पदर पोटाला आवळून. केरळसारखी हजेरीतली दोन टक्क्यांची सवलत आमच्याकडच्या कॉलेजांनाही देता येईल, त्याला खर्च नाही. पण शेतात काम करणारीसाठी सुट्टीच्या आधी दुखणं कमी होणं महत्त्वाचं आहे.

आणि ते कमी न केल्याचं बिल पुढे येतं. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते या बिलाबद्दल.

सोळाव्या वर्षी 'होतंच असतं' म्हणून ज्या दुखण्याकडे कुणी बघितलं नाही, ते सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या वर्षी पुन्हा उभं राहतं. मधल्या काळात दोन-तीन बाळंतपणं, नसबंदीचं ऑपरेशन झालेलं. आता पाळीत दुखतं, पाळी नसताना दुखतं, पांढरं जातं, कंबर भरून येते. बाई शहरातल्या कुठल्यातरी दवाखान्यात जाते, सोनोग्राफी होते आणि सल्ला मिळतो, "पिशवी काढून टाका. पुढे कॅन्सर होईल." लेकरं झालेली, पिशवीचं आता काय काम? कर्ज काढून, दागिना मोडून पिशवी काढली जाते.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांचा हा प्रश्न देशभर गाजला. राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झाली ८२,३०९ ऊसतोड बायांची. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा जणींत एक. राष्ट्रीय पाहणीत देशातलं हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. बीडच्या या जणींतल्या किती तरी चाळिशीच्या आतल्या. नवरा-बायको मिळून एक कोयता, हातात मुकादमाची उचल, एक दिवस खाडा झाला की पाचशे रुपये दंड. फडात आडोसा नाही, पाणी नाही, रात्री उशिरा गाडी भरायला जायचं. अशा ठिकाणी पाळी म्हणजे दंडाची पावतीच. मग पाळीच नको, असं बाईने स्वतः म्हटलं तर तिला मूर्ख कसं म्हणणार? तिच्यापुढे दुसरा उपाय कुणी ठेवलाच नव्हता. पिशवीबरोबर बीजकोषही काढले असतील तर तिशीतच म्हातारपणाची दुखणी सुरू: अंगातून वाफा, हाडं ठिसूळ, सांधे धरलेले. कोयता मात्र सुटत नाही, आता वर ऑपरेशनचं कर्ज फेडायचं असतं. बीडमध्ये नंतर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खासगी दवाखान्यांनी अशी शस्त्रक्रिया करू नये असं ठरलं. चांगलं झालं. पण आमच्या सेनगाव तालुक्यातल्या तांड्यांवरूनही दिवाळीनंतर टोळ्या निघतात, आणि माझ्या काउंटरवर कॅल्शियमच्या गोळ्या घ्यायला येणाऱ्या तरुण बायांना मी वय विचारते तेव्हा माझाच आवाज उतरतो.

पिशवी काढणं कधीच गरजेचं नसतं असं मी म्हणत नाही. पण काही दुखणी अशी असतात जी वेळेत ओळखली तर इथपर्यंत येत नाहीत. एंडोमेट्रिओसिसचंच घ्या. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेर, बीजकोषावर, आतड्यावर वाढतं आणि दर पाळीला तेही सुजतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने मूल होण्याच्या वयातल्या साधारण १० टक्के बायांना, म्हणजे जगात १९ कोटी जणींना हा आजार आहे, आणि तो कळायलाच सरासरी चार ते बारा वर्षं जातात. शहरातल्या सुशिक्षित घरांत ही गत, तर आमच्याकडे कुणाला त्याचं नाव माहीत असणार. मी पोरींना नाव सांगत बसत नाही, खुणा सांगते. गोळी वेळेवर आणि जेवून घेतली तरी उतार नाही. दुखणं दर महिन्याला चढत चाललंय. पाळी संपली तरी ओटीपोट दुखतं. संडासला बसताना कळ येते. गाठी पडतात, तासा-दोन तासाला पॅड भिजतं. आधी दुखत नव्हतं आणि आता अचानक सुरू झालंय. यातलं एक जरी असेल तर शेक घेत घरी बसायचं नाही, बायांच्या डॉक्टरला दाखवायचं. या खुणा लक्षात याव्यात म्हणून पोरी वहीच्या मागच्या पानावर पाळीची तारीख लिहायला लागल्यात, किती दुखलं त्याला दहापैकी गुण देतात. एकीने मागच्या महिन्याला चौदा गुण दिले होते.

विटाळाबद्दलही एक सांगते आणि पुढे जाते. आमच्यापासून नर्सी काही फार लांब नाही, नामदेवांचं गाव म्हणून आषाढी-कार्तिकीला आम्ही मानाने सांगतो. त्याच नामदेवांना गुरू मानणाऱ्या चोखोबांची बायको सोयराबाई. तिने चौदाव्या शतकात विटाळाचा जाब थेट विठ्ठलाला विचारला, देह जन्मतो तोच विटाळातून म्हणून. दिंडीत तिचे अभंग म्हणणाऱ्या घरात पोरगी चार दिवस वेगळ्या सतरंजीवर, गार फरशीवर निजते. शेकायला गरम पाणी हवं तर तिने चुलीला हात लावायचा नाही, म्हणून तेही मागून घ्यायचं. दुखत्या पोटाला ऊब मिळाली की स्नायू सैल होतो, एवढं साधं औषध आपण शिवाशिवीत अडकवून ठेवलंय. जुलै २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरच्या एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींची अंगझडती घेतली गेली आणि मुख्याध्यापिकेला अटक झाली. ती शाळा शहराच्या कडेची, इंग्रजी माध्यमाची होती. तेव्हा हे काही खेड्यातल्या अडाणी लोकांपुरतं आहे असं समजून कुणी हात झटकू नयेत.

मग करायचं काय? हिंगोलीत ९ ऑक्टोबर २०२४ ला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं. आपल्या जिल्ह्यात आता शिकाऊ डॉक्टर मुली आहेत. त्यांची एक तुकडी महिन्यातून एकदा तालुक्याच्या मोठ्या शाळा-कॉलेजांत यावी. बंद खोलीत, एकेक मुलगी, पाच मिनिटं. तिथे दुखण्याचा प्रश्न पहिला विचारावा, पॅडचा नंतर. किशोरवयीनांसाठी सरकारी रुग्णालयांत 'मैत्री' क्लिनिक असतात, त्यांची पाटी मुलींनी कधी पाहिलेली नाही; ती वेळेसह शाळेच्या फळ्यावर लिहावी. शाळेतल्या एका बाईंकडे साध्या वेदनाशामक गोळ्या, त्या कुणाला द्यायच्या नाहीत याची यादी आणि गरम पाण्याची रबरी पिशवी असावी. बारावीच्या केंद्रावर, दाराशी पोलीस आणि भरारी पथक असलं तरी, कळा येणाऱ्या मुलीला पाच मिनिटं बाहेर जाऊ द्यावं, ती कॉपी आणायला निघालेली नसते. एसटी आहे, बायांना तिचं तिकीटही अर्धं झालंय. पण लेकीला हिंगोलीला नेण्यासाठी आईचा रोज बुडतो, म्हणून डॉक्टरनेच इकडे यायचं.

आणि तांड्यांवरचं काम आधी घ्यावं. शाळेतल्या पोरी वर्षभर इथेच आहेत, पण ऊसतोडीला जाणाऱ्या बाया आणि त्यांच्या बरोबर निघणाऱ्या वयात आलेल्या मुली दिवाळीपर्यंतच सापडतात. त्यांची तपासणी, रक्त, सोनोग्राफी, गोळ्या आणि गोळ्या कशा घ्यायच्या याचं सांगणं, हे सगळं दसरा ते दिवाळी या तीन आठवड्यांत उरकायला हवं. एकदा ट्रॅक्टर भरून टोळी निघाली की गुढीपाडव्यापर्यंत त्या कुठल्या कारखान्याच्या फडात आहेत हे मुकादमाशिवाय कुणाला ठाऊक नसतं.